एकल न्यायमूर्तींसमोर उभे राहण्यापूर्वी

गोव्यात पर्वरीला उच्च न्यायालयात नव्याने वकिली सुरू करताना एवढे पक्के ध्यानात ठेवा की, एकल न्यायमूर्तींचा, म्हणजे एकट्याने प्रकरण ऐकणाऱ्या न्यायमूर्तींचा, निर्णय हा उच्च न्यायालयाचाच निर्णय असतो. मात्र कोणते प्रकरण त्यांच्यापुढे जाईल, हे न्यायालयाच्या नियमांवर आणि मुख्य न्यायमूर्तींनी केलेल्या कामवाटपावर अवलंबून असते. म्हापशातील वाटेच्या हक्काचा दावा दुसऱ्या अपिलात आला, तर साक्षीपुरावा पुन्हा उगाळत बसू नका. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १०० प्रमाणे कायद्याचा सारभूत प्रश्न नेमक्या शब्दांत मांडा, कारण कलम १००अ मुळे त्या निकालावर दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाकडे अपील करता येत नाही. याचिकेच्या मसुद्यात राज्यघटनेचा अनुच्छेद २२६ (रिट काढण्याचा अधिकार) की २२७ (खालच्या न्यायालयांवरील देखरेखीचा अधिकार), यावर मी आजही पेन्सिलीने खूण करून थांबतो: २२७ खालील आदेशाविरुद्ध लेटर्स पेटंट अपील (एकल न्यायमूर्तींच्या निर्णयावर त्याच न्यायालयाच्या खंडपीठाकडे केलेले अपील) चालत नाही, आणि हे अशिलाला आधीच सांगावे.