कुंडीतला सेन्सर खराब का होतो?

प्रश्न: नोडएमसीयू (ईएसपी८२६६ चिपवाला छोटा वायफाय बोर्ड) आणि मातीतला ओलाव्याचा दोन काट्यांचा सेन्सर घेऊन कुंड्यांना आपोआप पाणी द्यायचा सेटअप केलाय. सुरुवातीला मस्त चाललं, पण आता रीडिंग वाट्टेल तसं येतं आणि काटे काळे पडलेत. शिवाय लाइट जाऊन आली की रिले (पंप चालू-बंद करणारा स्विच) एकदम खटखट करतो. बोर्ड बदलू का, रास्पबेरी पाय (छोटा कॉम्प्युटर) घेऊ?

उत्तर: बोर्ड अजिबात बदलू नका, तो ठणठणीत आहे. त्या दोन काट्यांमधून ओल्या मातीत सतत डीसी करंट वाहतो, त्याने इलेक्ट्रोलिसिस होऊन काट्यांवरचा धातू झिजत जातो, म्हणजे तुमचा सेन्सर तुम्ही चोवीस तास चालू ठेवूनच संपवलाय. कपॅसिटिव्ह सेन्सर (पट्टीसारखा, मातीतून करंट न सोडता ओल मोजणारा) घ्या, त्याचा धातू मातीला लागतच नाही, फक्त वरचा सर्किटचा भाग मातीबाहेर ठेवा आणि पट्टीच्या कडा नेलपॉलिशने सील करा कारण ओल तिथूनच शिरते. जुनाच वापरायचा असेल तर ट्रान्झिस्टरमधून (बोर्डने चालू-बंद करता येणारा छोटा इलेक्ट्रॉनिक स्विच) त्याला रीडिंगपुरताच पॉवर द्या, अर्ध्या तासातून एकदा पुरे, माती काय मिनिटामिनिटाला वाळत नाही. आणि नवा लावल्यावर आधी कोरड्या हवेतलं आणि मग पाण्यात बुडवून रीडिंग लिहून ठेवा, ते केल्याशिवाय मधल्या आकड्यांना काही अर्थ नाही.

रिलेची वायर बहुतेक बोर्डच्या डी३ किंवा डी४ पिनवर असणार. या पिना बोर्ड चालू होताना स्वतःच वरखाली होतात, म्हणून डी१ किंवा डी२ वर घ्या. पंपाला सप्लाय वेगळा द्या.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते, पंप बंद करायचा निर्णय बोर्डवरच्या कोडमध्येच हवा, वायफाय किंवा सर्व्हरवर सोडू नका! पंप चालू झाला आणि नेट गेलं तर बंदचा मेसेज पोचणारच नाही आणि घरभर पाणी. कोडमध्ये पक्की मर्यादा टाका, सेन्सर काहीही सांगो, दहा सेकंदांनी पंप बंद, मग पाणी मुरायला पंधरा मिनिटं थांबून परत रीडिंग.

रास्पबेरी पाय कधी घ्यायचा म्हणाल तर असे पाच-सहा बोर्ड झाले आणि सगळ्यांचं एकाच स्क्रीनवर बघावंसं वाटलं की. तेव्हा त्यावर होम असिस्टंट (घरातली उपकरणं एका स्क्रीनवर दाखवणारं सॉफ्टवेअर) आणि एमक्यूटीटी (बोर्डांचे मेसेज तिथे पोचवायची पद्धत) टाका, पण बॅकअप दुसरीकडे ठेवा, सतत डेटा लिहून एसडी कार्ड खराब होतं.