मधुमेह असलेल्यांसाठी साधा फ्रूट केक कसा करायचा?

नेहमीच्या फ्रूट केकमध्ये साखरेइतकीच मनुका-खजुराचीही गोडी असते, त्यामुळे नुसती साखर वगळून भागत नाही. मध किंवा गूळ घालणं म्हणजे तर साखरच घालणं.

एक कप बदामाची पूड, अर्धा कप गव्हाचं पीठ, दीड चमचा बेकिंग पावडर, चमचाभर दालचिनी आणि चिमूटभर मीठ एकत्र करा. दोन अंडी, पाव कप तेल आणि पाव कप दही फेटून त्यात घाला. मग एक सफरचंद सालीसकट किसून, रस न पिळता मिसळा. साखर नसल्याने केकला ओलावा यातूनच मिळतो. वर मूठभर अक्रोड. लहान टिनमध्ये १७० अंशांवर ३५-४० मिनिटं भाजा. मधोमध खुपसलेली काडी कोरडी निघाली की झालं. रंग फिकाच येतो, म्हणून जास्त वेळ ठेवू नका.

गोडी अगदी बेताची असते. जास्त हवी असेल तर स्टीव्हिया किंवा एरिथ्रिटॉल घाला. अ‍ॅस्पार्टेम नको, भाजताना त्याची गोडी जाते.

पीठ आणि फळामुळे साखर वाढतेच, तेव्हा एक पातळ काप पुरे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी त्यातले कर्बोदके हिशोबात धरावीत.