ट्रेनरचं सर्टिफिकेशन हप्त्यांवर घ्यावं का?

प्रश्न: नोकरी सांभाळून पर्सनल ट्रेनर व्हायचं आहे. सर्टिफिकेशनचं साधं पॅकेज, सीपीआर-एईडीचा (हृदय बंद पडल्यास करायच्या तातडीच्या उपचारांचा) कोर्स धरून, क्लायंटच्या साधारण ३० सत्रांच्या फीइतकं पडतं. प्रीमियम त्याच्या दुप्पट, पण १२ हप्त्यांत. वर एक पुनर्परीक्षा आणि नोकरीची हमी. हाताशी दीड महिन्याच्या खर्चाची शिल्लक आहे. प्रीमियम घेऊ का?

उत्तर: नको. साधं घ्या, तेही रोखीने. त्यासाठी शिल्लक मोडावी लागत असेल, तर आधी काही महिने पैसे साठवा.

सत्राची फी १०० धरा. निम्मे जिमने कापले आणि जाण्यायेण्याचा खर्च वजा केला, तर हातात ४० उरतात. म्हणजे ३० सत्रांच्या फीइतका खर्च भरून निघायला ७५ सत्रं घ्यावी लागतील. सुरुवातीला दोन क्लायंट, प्रत्येकी आठवड्याला दोन सत्रं. पाचातलं एक रद्द होतंच (रद्द झालेल्या सत्राचे पैसे घ्यायला नवे ट्रेनर कचरतात). या हिशेबाने साधं पॅकेज साडेपाच महिन्यांत वसूल होतं. प्रीमियमला १५० सत्रं, म्हणजे जवळजवळ ११ महिने. त्यात हप्ता पहिल्या महिन्यापासून चालू आणि कमाई अभ्यासाचे तीन-चार महिने गेल्यावर. व्याज तर मी धरलेलंच नाही.

पुनर्परीक्षेची वेगळी फी किती, ते विचारून घ्या. ती दोन पॅकेजांतल्या फरकापेक्षा कमी असेल, तर त्या सोयीसाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही. नोकरीच्या हमीच्या अटीही वाचा: ठरल्या मुदतीत पास होणं, अमुक इतके अर्ज केल्याचे पुरावे ठेवणं. एक अट हुकली की हमी संपली.

नापास होण्याचा खर्च अभ्यासाने कमी होतो, पॅकेजने नाही. एनएएसएम आणि एसीई या ट्रेनरना प्रमाणपत्र देणाऱ्या अमेरिकी संस्था. एनएएसएमच्या परीक्षेत २ तासांत १२० प्रश्न, एसीईच्या परीक्षेत ३ तासांत १५०. व्याख्या पाठ करून गेलेले इथे अडकतात, कारण प्रश्न व्याख्येवर थांबत नाही. उदाहरणार्थ, ओव्हरहेड स्क्वॉटमध्ये (हात डोक्यावर धरून मारलेल्या बैठकीत) क्लायंटचे गुडघे आत वळतात. कोणते स्नायू गरजेपेक्षा जास्त काम करतात, कोणते कमी, आणि आधी काय करून घ्याल? एनएएसएमच्या पद्धतीत मांडीच्या आतले ॲडक्टर स्नायू आधी मोकळे करायचे, मग ग्लूट मीडियसला (नितंबाच्या बाजूच्या स्नायूला) ताकद द्यायची. अशी प्रत्येक चाचणी स्वतः करून, दुसऱ्याकडून करून घेऊन शिका. आठवड्याला सात तास धरले तर १२ आठवडे पुरावेत. आठव्या आठवड्यापासून घड्याळ लावून पूर्ण सराव परीक्षा द्या आणि लागोपाठ दोनदा ८० टक्के आले की तारीख घ्या. पॅकेजची मुदत मात्र विकत घेतल्या दिवसापासून मोजली जाते. कामाच्या गर्दीत घेतलं तर मुदतवाढीचे पैसे अंगावर येतात.

एक खर्च जाहिरातीत दिसत नाही. या दोन्ही प्रमाणपत्रांचं दर २ वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, साधारण २० तासांचं पुढचं शिक्षण आणि चालू सीपीआर-एईडी दाखवून. शिवाय दायित्व विमा. क्लायंटच्या पाठीला इजा झाली तर दावा तुमच्यावर येतो, म्हणून तो पहिल्या सशुल्क सत्राच्या आधी घ्या. या दोन्हींसाठी प्रत्येक सत्राच्या कमाईतला दहावा भाग बाजूला काढत राहा.

नोकरी इतक्यात सोडू नका. आठवड्याला १५ सशुल्क सत्रं सलग तीन महिने टिकली, की पुढचं गणित मांडू.