पेल्यात काय, पानात काय

गेल्या अंकात मी फ्रान्सच्या पूर्वेकडच्या अल्सास प्रांतातल्या त्रिम्बाख या वाइन घराण्याबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेल्या बहुतेक पत्रांचा सूर एकच: ते सगळं ठीक आहे हो, पण बरोबर खायचं काय? रास्त प्रश्न आहे. कोलमारच्या ज्या रेस्तराँत मी वाइन वाढते, तिथंही गिऱ्हाईक आधी ताटाचं ठरवतं आणि मग बाटलीकडे वळतं. तो अंक ज्यांच्या हाती आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: १६२६ पासून वाइन करणारं हे कुटुंब. आज बारावी आणि तेरावी पिढी एकत्र काम करते. मुक्काम रिबोविले, कोलमारच्या उत्तरेला गाडीने वीसेक मिनिटांवर. हट्ट एकच, वाइन ड्राय हवी, म्हणजे द्राक्षातली साखर जवळजवळ सगळी आंबून गेलेली हवी. आता पत्रांकडे वळते.

मुलगा स्ट्रासबुर्गला असतो. त्याने आम्हाला त्रिम्बाखची साधी रीसलिंग पाजली. रीसलिंग गोड असते असं ऐकलं होतं, ही तर आंबटढाण! बाटली खराब निघाली का? (पुण्याच्या एक वाचक)

नाही काकू, बाटली अगदी ठणठणीत होती. रीसलिंग ही पांढऱ्या द्राक्षाची एक जात, आणि तिच्या वाइनचंही नाव तेच. गोड रीसलिंगचा लौकिक बराचसा जर्मनीतल्या बाटल्यांमुळे झाला. अल्सासमध्येही गोडसर रीसलिंग मिळते, आणि कोणती गोड नि कोणती नाही हे बाटलीवरून कळायचंच नाही. ही तक्रार वर्षानुवर्षं होती. शेवटी २०२१ च्या हंगामापासून लेबलवर ते लिहिणं बंधनकारक झालं. ‘सेक’ म्हणजे ड्राय, लिटरमागे साखर ४ ग्रॅमपर्यंत, आंबटपणा पुरेसा असेल तर ९ पर्यंत. त्यापुढे ‘दमी-सेक’, ‘म्वेलो’ आणि ‘दू’, अशी चढत्या गोडीची भाजणी. त्रिम्बाखची रीसलिंग कायदा नव्हता तेव्हाही सेकच होती.

आंबटपणाचं कारण तळघरात आहे. द्राक्षात मॅलिक आम्ल असतं, कच्च्या सफरचंदात असतं तेच. बऱ्याच वाइनमध्ये ते पुढे जिवाणूंच्या मदतीने दह्यातल्या मऊ लॅक्टिक आम्लात बदलतं. त्रिम्बाखकडे हे दुसरं आंबणं होऊच देत नाहीत. माझे वडील दिंडोरीला द्राक्षबाग करतात. फोनवर त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, ‘आम्ही साखर चढावी म्हणून जीव टाकतो आणि हे आंबट राखायला धडपडतात!’ खाण्याच्या द्राक्षाचं आणि वाइनच्या द्राक्षाचं गणित वेगळं, हे त्यांना पटायला वेळ लागला. शिवाय आपल्याकडे तोडणी फेब्रुवारी-मार्चच्या तापत्या उन्हात, इथे सप्टेंबर-ऑक्टोबरात. इथल्या रात्री गार असतात, त्यामुळे मणी पिकला तरी आम्ल टिकून राहतं. व्होज डोंगर पश्चिमेकडचा पाऊस अडवून धरतो. कोलमार हे फ्रान्समधल्या सर्वांत कोरड्या शहरांपैकी एक आहे, त्यामुळे द्राक्ष वेलीवर निवांत ठेवता येतं.

काकू, तुम्ही ती वाइन नुसती प्यायलात का? पत्रावरून तरी तसंच वाटतंय. तीच बाटली शुक्रूतबरोबर उघडून बघा. बारीक चिरून मिठात आंबवलेली कोबी, ज्युनिपर नावाच्या झुडपाचे सुगंधी मणी घालून रीसलिंगमध्येच शिजवलेली, वर खारवलेलं नि धुरावलेलं डुकराचं मांस, सॉसेज, उकडलेले बटाटे. थाळा समोर आला की चरबीचा वास आधी येतो. दोन घास झाले की जीभ तुपकट होते. अशा वेळी तो आंबट घोट तोंड धुऊन काढतो, आणि पुढच्या घासाला तुम्ही पुन्हा तयार. कोबीचा आंबटपणा वाइनच्या आंबटपणाला भिडतो आणि दोन्ही सौम्य लागतात. वाइन पदार्थापेक्षा कमी आंबट असली की ती पाणचट वाटते. ही एक गोष्ट लक्षात ठेवलीत तरी निम्मं काम झालं.

घरी करून बघायचं तर रव्यात तळलेले बोंबील किंवा सुरमईची तुकडी, वर लिंबू. तिखट बेताचं ठेवा.

विमानतळावरून गेवुर्त्सट्रामिनर आणली. ह्यांचं म्हणणं, अत्तर पितोय असं वाटतं. तांबड्या रश्शाबरोबर चालेल का? ‘मसालेदार जेवणाबरोबर गेवुर्त्स’ असं सगळीकडे लिहिलेलं असतं. (कोल्हापूर)

सगळीकडे लिहिलेलं असतं खरं, आणि माझं त्यावरच भांडण आहे. ‘मसालेदार’ म्हणजे काय? वेलची, आलं, जायफळ हा एक मसाला, आणि लवंगी मिरची हा निराळाच मामला. गेवुर्त्समध्ये गुलाबाचा, लिचीचा वास असतो, तो पहिल्या प्रकाराशी छान जमतो. पण हे द्राक्ष साखर भराभर भरतं, त्यामुळे ड्राय केलेल्या गेवुर्त्समध्ये अल्कोहोल चढं असतं, बऱ्याचदा १४ टक्क्यांच्या आसपास. आम्ल मात्र बेताचं. अल्कोहोल तिखटाची आग वाढवतं. तांबडा रस्सा आणि ड्राय गेवुर्त्स एकत्र आलं तर कानातून धूर निघेल, आणि दोष वाइनला मिळेल.

तुमच्याच कोल्हापुरात उत्तर आहे: पांढरा रस्सा. नारळाचं दूध, काजू, खसखस, मिरे. तरी मी गेवुर्त्सपेक्षा त्रिम्बाखची पिनो ग्री (हीही द्राक्षाची एक जात) त्याच्याबरोबर देईन. अंगाने जाड, धुरकट, मटणाला तोलून धरणारी. गेवुर्त्स ठेवा चीजसाठी. इथे तिची जोडी मुन्स्तेरशी. व्होजच्या कुरणांवरचं हे गाईच्या दुधाचं चीज, मुरताना साल पुन्हा पुन्हा खाऱ्या पाण्याने पुसतात, त्यामुळे ती नारिंगी होते आणि वास असा सुटतो की शेजारच्या टेबलावरचे माना वळवतात. सोबत वाटीभर जिऱ्यासारखे दाणे येतात. ते शहाजिऱ्याच्या कुळातले, कॅरवे. चीजवर चिमूटभर भुरभुरायचे, ब्रेडवर घ्यायचं, वर गेवुर्त्सचा घोट. एरवी नाक दाबावंसं वाटणारं चीज एकदम साय-लोण्यासारखं लागतं. तुमच्या ह्यांचं अत्तर तिथे बरोबर जागेवर बसेल. मुन्स्तेर मिळणार नाही हे मला माहीत आहे. मग आल्याचा वास असलेलं, नारळातलं कोंबडीचं काहीतरी करा.

आपल्या मंडळींचा एक सहल-गट आमच्याकडे आला होता, तेव्हा एका मावशींनी पर्समधून ठेच्याची बरणी काढली आणि मला बाजूला घेऊन विचारलं, ‘ह्याच्याबरोबर कुठली?’ मी सांगितलं, मावशी, कुठलीच नाही, बिअर घ्या. अल्सास हा बिअरचाही प्रांत आहे आणि इथे त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

आम्ही शाकाहारी. अल्सासला आलो तर त्रिम्बाखच्या वाइनबरोबर खायला काही आहे का, की नुसतं डुकराचंच? आणि वाइन तरी शाकाहारी असते का? (नाशिक)

दुसऱ्या प्रश्नाबद्दल तुमचं कौतुक, तो कुणी विचारत नाही. वाइन नितळ करायला अनेक ठिकाणी अंड्याचा पांढरा बलक, दुधातलं केसीन, क्वचित माशाच्या फुग्यापासून केलेला पदार्थ वापरतात. तो गाळासोबत तळाला बसून निघून जातो, पण वापरलेला असतो. अंडं किंवा दूध वाइनमध्ये शिल्लक सापडलं तर युरोपात लेबलवर लिहावं लागतं. माशाच्या त्या पदार्थाला मात्र सूट आहे. पांढऱ्या वाइनसाठी बेंटोनाइट नावाची मातीही सर्रास वापरली जाते, तिच्यात प्राणिज काही नाही. तुम्हाला खात्रीच हवी असेल तर बाटलीवर ‘व्हीगन’ लिहिलंय का बघा, नाहीतर विकणाऱ्याला सरळ विचारा. लाजू नका.

खाण्याचं म्हणाल तर उपाशी राहणार नाही. कांद्याची टार्ट आहे. लोण्यात मंद आचेवर गोड होईपर्यंत परतलेला कांदा, साय, अंडं. अंडं चालत नसेल तर फ्लामेकुश घ्या. भाकरीपेक्षा पातळ लाटलेली कणीक, वर ताजं पांढरं चीज नि साय, कांदा, आणि भट्टीत एवढी कडक आच की कडा काळवंडतात. त्यावर डुकराचे तुकडे असतात, ते ‘सां लार्दों’ म्हणून काढायला सांगायचं. या दोन्हींबरोबर त्रिम्बाखची पिनो ब्लां घ्या, महागड्या बाटल्यांच्या वाटेला जाऊ नका. गंमत म्हणजे बाटलीवर पिनो ब्लां लिहिलेलं असलं तरी आत बरंचसं ऑसेरवा नावाचं तिच्या भाऊबंदकीतलं द्राक्ष असतं. अल्सासच्या नियमात ते बसतं आणि चवीला बरंच आहे.

एप्रिल-मेमध्ये आलात तर पांढरा ॲस्पॅरॅगस, म्हणजे शतावरीच्या कुळातले कोवळे कोंब, आणि मुस्का द्राक्षाची वाइन. इथली मुस्का ड्राय असते. नाकाला ताजी द्राक्षं, जिभेला गोडवा नाही. ॲस्पॅरॅगसपुढे भल्याभल्या वाइन कडवट पडतात, ही पडत नाही. हंगाम दीडदोन महिन्यांचा, तेवढ्यात सगळं गाव तेच खात असतं.

बाटलीच्या तळाशी काचेसारखे कण दिसले. फेकून दिली. बरोबर केलं ना? (ठाणे)

अरेरे. ती काच नव्हती. द्राक्षातल्या टार्टरिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक होते, वाइन गार झाली की खाली बसतात. चवीला आंबट, पोटाला निरुपद्रवी. पुढच्या वेळी सावकाश ओता आणि तळचा घोट सोडा.

ह्यांच्या साठीला ‘क्लो सँत ऊन’ घ्यायचा विचार आहे. जेवणात पापलेटचं कालवण आणि कोलंबी भात. जमेल का? (दादर)

ताई, घेऊ नका. म्हणजे, घ्या, पण त्या जेवणासाठी नको.

क्लो सँत ऊन ही त्रिम्बाखची सगळ्यात मोठ्या नावाची रीसलिंग. ऊनावीर गावाच्या रोसाकर या उतारावर १.६७ हेक्टरचा, म्हणजे चार एकरांच्या आसपासचा तुकडा, चुनखडीची जमीन. १९१९ पासून या नावाने बाटली निघते. हे शेत ग्राँ क्रू (उत्तम मानलेल्या शेतांना मिळणारा अधिकृत दर्जा) हद्दीत असूनही घराण्याने तो शिक्का या बाटलीवर लावलेला नाही. आमचं नाव पुरेसं आहे असा ताठा, आणि खरं सांगायचं तर तो शोभतो. (सँत ऊन म्हणजे गावची संत, गोरगरिबांचे कपडे धुऊन देणारी. एका नापिकीच्या साली तिच्या झऱ्याला वाइन आली अशी आख्यायिका इथे सांगतात. झरा अजून आहे, पाणीच येतं.)

अडचण अशी की ही वाइन तरुणपणी तोंड उघडत नाही. घराणं ती काही वर्षं तळघरात ठेवूनच बाजारात आणतं, तरीही आणखी दहा वर्षं थांबावं. ताजी उघडलीत तर लिंबाची साल, ओला दगड आणि आम्ल, एवढंच. शेकडो युरो मोजून तुम्ही पाहुण्यांना दगड चाटायला लावाल. मुरलेली मिळाली तरी तिच्यासमोर चिंच-कोकमाचं, हिरव्या मिरचीचं कालवण ठेवलं की तिचं बारीक काम सगळं बुडून जातं. तिला हवा शांत मासा. इथे सांद्र नावाचा गोड्या पाण्यातला मासा लोणी-रीसलिंगच्या सॉसमध्ये करतात. मांस घट्ट पांढरं, काटे मोठे, मीठ आणि लोणी यापलीकडे काही नाही. असं जेवण आखायचं असेल तर घ्या.

तुमच्या बेताला ‘क्युवे फ्रेदेरिक एमिल’ बघा. घराण्याला युरोपभर नाव मिळवून देणाऱ्या पूर्वजाची ही बाटली. रिबोविलेत वाइनरीच्या मागेच गाइसबर्ग आणि ऑस्टरबर्ग हे उतार आहेत, त्यांवरची द्राक्षं. हीदेखील मुरवूनच विकतात, त्यामुळे घेतली आणि उघडली असं करता येतं. किंमतही बरीच कमी. पापलेट मात्र कालवणात न घालता मीठ, हळद, लिंबू लावून तव्यावर भाजा. कोलंबी भात नारळाच्या दुधातला असेल तर राहू द्या. वाइन फ्रीजमधून अर्धा तास आधी काढा; फार गार दिलीत तर वासच येणार नाही. १० ते १२ अंश पुरे.

भारतात परतताना दोनच बाटल्या आणता येणार. कोणत्या? (स्ट्रासबुर्गला शिकणारा, मूळचा साताऱ्याचा)

बिनकराची दारू दोन लिटरपर्यंतच नेता येते, म्हणून ७५० मिलीच्या दोनच. एक रीसलिंग ‘रेझर्व्ह’, एक पिनो ग्री ‘रेझर्व्ह’. पहिली मासळीच्या दिवशी, दुसरी पांढऱ्या रश्शाच्या किंवा भाजलेल्या कोंबडीच्या. नावाजलेलं काही नेऊन घरच्यांना दडपून टाकू नकोस. वडील ‘कितीला पडली’ विचारतील तेव्हा खरं सांगता आलं पाहिजे. अल्सासची बाटली उंच आणि मानेत नाजूक असते, म्हणून जीन्सच्या पायात घालून बॅगेच्या मधोमध ठेव, कडेला नको. आणि पोचल्या दिवशी उघडू नकोस. प्रवासाने वाइन बिथरते, आठवडाभर आडवी निजू दे.