वाढत्या मापाचे बूट आणि सपाट तळवे

(वाचकांचे प्रश्न. उत्तरं देणाऱ्या ताई बेळगावात लहान मुलांच्या फिजिओथेरपिस्ट आहेत.)

ताई, आम्ही जांबोटीजवळ राहतो. मुलगा दुसरीत, मुलगी पाचवीत. जूनमध्ये मिळालेले बूट दिवाळीला आखूड होतात, म्हणून यंदा शाळेत माप विचारलं तेव्हा मी दोन नंबर वाढवूनच सांगितलं. आता मुलगा सारखा अडखळतो. शिवाय पावसानं दोघांच्या बोटांत चिखल्या झाल्यात. काय करू?

आधी त्या दोन नंबरांचं बोलू. आपल्याकडच्या मापात एका नंबराला साधारण साडेआठ मिलिमीटर वाढतात. दोन नंबर म्हणजे जवळजवळ पावणेदोन सेंटिमीटर. एवढा सैल बूट पायात राहावा म्हणून पोरगं बोटं आकसून धरतं, पाय घासत चालतं आणि टाच वरखाली होऊन तिथं फोड येतात. बूट वाकतो एकीकडे, बोटांचा सांधा वाकतो दुसरीकडे. त्यात मुलगा अडखळणारच की.

आणि दिवाळीचं म्हणाल, तर या वयात पाऊल वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतं. जून ते दिवाळी फार तर चार-पाच मिलिमीटर. तेवढ्यात बूट आखूड होत असेल तर तो जूनमध्येच घट्ट होता. म्हणजे चूक होतेय ती माप घेण्यात.

माप संध्याकाळी घ्या, दिवसभरात पाय थोडे फुगतात. कागद भिंतीला लावून जमिनीवर ठेवा, मुलाला टाच भिंतीला टेकवून दोन्ही पायांवर नीट उभं करा आणि पेन्सिल उभी धरून पावलाभोवती रेघ ओढा. बसून घेतलेलं माप कमी येतं. दोन्ही पावलं काढा, कारण सहसा एक मोठं असतंच. बूट त्या मोठ्याच्या मापाचा. सगळ्यांत लांब बोट अंगठाच असेल असंही नाही, पुष्कळ मुलांचं दुसरं बोट पुढे असतं. त्या बोटापुढे एक सेंटिमीटरच्या आसपास जागा हवी. बुटाचं टोक दाबून बघण्यावर विसंबू नका, दाबलं की मुलं बोटं आत ओढून घेतात. आतली पट्टी निघत असेल तर ती काढून मुलाला तिच्यावर उभं करा, लगेच दिसतं. पावलाचा कागद शाळेत नेऊन द्या. सरकारी शाळेत पहिली ते दहावीच्या मुलांना मिळणाऱ्या बूट-मोज्यांची खरेदी शाळेची एसडीएमसी, म्हणजे पालकांचा सहभाग असलेली शाळा विकास व देखरेख समिती, करते, आणि तुमच्यासारख्या पालकांनीच ही गोष्ट तिथं लावून धरायला हवी. नुसत्या इयत्तेवरून नंबर ठरवू नये. पुढे दर तीन-चार महिन्यांनी पट्टी काढून बघत राहा.

आता चिखल्या. तुमच्याकडे कणकुंबी-जांबोटीचा पाऊस, जून ते सप्टेंबर बूट वाळतच नाहीत. घरी आल्याबरोबर पाय धुऊन बोटांच्या प्रत्येक बेचक्यात जुन्या सुती कपड्यानं टिपा. पाय धुतात सगळे, बेचकं कोरडं कुणी करत नाही, आणि बुरशीला तेवढंच पुरतं. दोघांची फडकी वेगळी ठेवा. क्लोट्रिमॅझोलचं साधं मलम दिवसातून दोनदा लावा आणि कातडी बरी दिसली तरी पुढे आठ-पंधरा दिवस चालू ठेवा. मेडिकलमधून ‘खाज-खरजेची ट्यूब’ मागून आणू नका. त्यातल्या पुष्कळ ट्यूबांत स्टेरॉइड असतं. खाज थांबते, बुरशी आत वाढत राहते. दोन आठवड्यांत फरक पडला नाही, किंवा पाय सुजला, पू झाला, तर डॉक्टरांना दाखवा.

ओले बूट चुलीपाशी ठेवू नका, डिंक सुटतो. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि ते ओले झाले की बदला. मुसळधार पावसाच्या दिवसांत मुलांना मागे पट्टा असलेली पावसाळी सँडल घालू द्या, अशी गुरुजींना विनंती करा. त्यात कमीपणा नाही.

नात चार वर्षांची आहे. तळवे अगदी सपाट, उभी राहिली की गुडघे एकमेकांना लागतात. एका शिबिरात महागडे इनसोल आणि खास बूट घ्यायला सांगितलं. घ्यावेत का? (एक आजी, निपाणी)

आजी, तिला दुखत नसेल तर घेऊ नका. या वयात तळव्याच्या खळग्यात चरबीची गादी असते, सांध्यांचे बंध सैल असतात. खळगा हळूहळू, सहा ते दहा वर्षांपर्यंत तयार होतो. इनसोलनं तो तयार होत नाही. तिला भिंतीला धरून चवड्यांवर उभी करा आणि मागून बघा: खळगा उमटला आणि टाचा आत वळल्या, की पाऊल लवचीक आहे. गुडघे चिकटणं तीन-चार वर्षांना सगळ्यांत जास्त दिसतं, सात-आठपर्यंत बहुतेकांचं सरळ होतं.

दाखवायचं कधी? पाय दुखतो म्हणून खेळ सोडून बसते, चवड्यांवरही खळगा येत नाही, पाऊल ताठ आहे, दोन पायांत फरक आहे, तिसरं वर्ष उलटूनही सारखी चवड्यांवर चालते, यातलं काहीही असेल तर हाडांच्या डॉक्टरांकडे न्या. ताप आणि लंगडणं एकत्र आलं तर त्याच दिवशी.

अथणीचा आहे. दीड वर्षाच्या नातवाला घरच्या कारागिराकडून कोल्हापुरी चप्पल करून घ्यावी म्हणतो.

आजोबा, तुमच्या अथणी-मदभावीच्या हातांचा मला फार अभिमान आहे. 2019 साली कोल्हापुरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला त्यात बेळगावसह कर्नाटकातले चार जिल्हे आहेत. पण दीड वर्षाच्या पायाला ती नको. तळ कडक, मागे पट्टा नाही, धरून ठेवायला बोटं आवळावी लागतात. चार-पाच वर्षांचा झाला की लग्नकार्यात तासभर घालू दे.

आत्ता घरात अनवाणीच बरा, त्यानं पावलाचे स्नायू बळकट होतात. बाहेर मऊ तळाचा, पट्ट्याचा बूट. गोठा, उकिरडा, शेताचा ओला बांध इथं मात्र अनवाणी नको, आकडेकृमी तळव्याच्या कातडीतूनच शिरतात आणि रक्त कमी करतात. अंगणवाडीत जंताची गोळी देतात ती चुकवू नका. दोन वर्षांखालच्या बाळाला अर्धी देतात. आणि दीड वर्षाचा डीपीटी बूस्टर झालाय का, ते कार्डावर आजच बघा, धनुर्वाताचं संरक्षण त्यातच आहे.