पहिली दुर्बीण घेण्याआधी

आरसा की भिंग, एफ-रेशो किती, हे वाचून डोकं भणभणलंय ना? ते सगळं सध्या बाजूला ठेवा. आधी १०×५० ची, म्हणजे १० पट मोठं दाखवणारी आणि पुढची भिंगं ५० मिमीची असलेली द्विनेत्री (बायनॉक्युलर) घ्या. कोपरं गच्चीच्या कठड्यावर टेकवा, नाहीतर हात थरथरतो आणि तारे नाचतात. थंडीतल्या अमावास्येला कृत्तिका बघा: नुसत्या डोळ्यांना सहा-सात तारे, द्विनेत्रीतून डझनांनी निळसर ठिणग्या! गॅलिलिओने १६१० मध्ये गुरूचे चंद्र पाहिले ते जेमतेम २० पट दाखवणाऱ्या दुर्बिणीतून.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:

- खोक्यावरचं ‘५२५ पट’ बघून खरेदी. ६० मिमीच्या भिंगाला साधारण १२० पटींच्या पुढे चित्र नुसतं धुरकट होतं. माझी पहिली दुर्बीण अशीच होती. तिपाई इतकी डगमगायची की शनी कधी नजरेत ठरलाच नाही.
- मध्येच मोबाइल बघणं. डोळे अंधाराला सरावायला २०-३० मिनिटं लागतात, ती एका झटक्यात वाया जातात.
- सूर्याकडे दुर्बीण रोखणं. कधीही नाही, क्षणभरही नाही.

आयपीसचं, म्हणजे डोळ्याजवळच्या भिंगाचं, पुढे बोलू. कृत्तिकेत किती तारे मोजलेत, ते मात्र जरूर कळवा.