घाटेअळी तीन दिवसांत मरत नाही म्हणून दुप्पट डोस मारू नका

प्रश्न: हरभऱ्यावर घाटेअळीसाठी एचएएनपीव्ही (घाटेअळीला रोग लावणारा विषाणू) फवारून तीन दिवस झाले, अळ्या अजून हिंडताहेत. दुकानदार म्हणतो, दुप्पट डोस घ्या आणि सोबत कडक औषध मारा. काय करावे?

उत्तर: सातव्या दिवसापर्यंत पंप हातात घेऊ नका. दुप्पट डोस नको, मिसळ तर मुळीच नको.

हे औषध अंगावर पडून अळी मरत नाही, ते पोटात जावे लागते. पानासोबत विषाणूचे कण आत जातात. अळीच्या मधल्या आतड्यातला रस फार अल्कधर्मी असतो; त्यात कणावरचे प्रथिनाचे कवच विरघळते आणि विषाणू मोकळे होतात. आतड्यातला पातळ पडदा ओलांडून ते अस्तराच्या पेशींत शिरतात, तिथे वाढतात आणि पलीकडच्या बाजूने अंगात उतरतात. या सगळ्याला 4 ते 7 दिवस लागतात. तुमचा तिसराच दिवस आहे.

आता दुकानदाराचे ऐकले तर काय होते? कडक औषधाने अर्धमेली अळी खाणे सोडते. खाल्लेच नाही तर विषाणू आतड्यात पोचणार कसा? चुना किंवा बोर्डो (मोरचूद-चुन्याचे) मिश्रणात घातलात, तर कवच पंपातच विरघळते आणि उघडा विषाणू वाया जातो. अशी किती शेते पाहिली! पुन्हा सांगतो, मिसळू नका.

डोस वाढवूनही मोठी अळी दाद देत नाही. कात टाकताना ती बाधित पेशी आतड्यातून झटकून टाकते. म्हणून फवारणी अळी बारीक असतानाच हवी. त्यासाठी हेक्टरी 5 कामगंध सापळे (मादीच्या गंधाने घाटेअळीचे नर पतंग ओढणारे) लावाच. सलग 2-3 दिवस दर सापळ्यात 8-10 पतंग सापडले की तयारीला लागा. सापळे नसतील तर तुम्ही नेहमी उशिराच फवारणार.

10 लिटर पाण्यात 10 मिली विषाणू, 50 ग्रॅम गूळ, थोडी नीळ. फवारणी संध्याकाळीच. सकाळी मारलात तर दिवसभराच्या उन्हात विषाणू निकामी होतो.

शेंड्याला उलटी लोंबणारी, मऊ, काळपट, विषाणूने मेलेली अळी दिसली तर वेचू नका. तिची कातडी फाटून गळणारा द्रव पानावर पडू द्या, बाकीच्या अळ्या तो खातील. सातव्या दिवशीही मोठ्या अळ्या जास्त असतील, तरच शिफारशीतले एकच कीटकनाशक लेबलवरच्या मात्रेत घ्या.